बोबड्या राजाची दंतकथा

स्पॅनिश शिकणाऱ्याला एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. मलाही मिळाली. स्पेनचा कुणी राजा म्हणे बोबडा होता. त्याची मर्जी राखण्यासाठी आधी दरबाऱ्यांनी, मग प्रजेनेही 'स'चा 'थ' केला!

गोष्ट गमतीची, पण खरी नव्हे. माद्रिदचा माणूस घराला 'कासा'च म्हणतो. 'काथा' म्हणजे शिकार. बोबड्याला हा भेद साधला असता का? कास्तीलचा राजा पेद्रो किंचित बोबडे बोले, अशी नोंद बखरकार आयाला यांनी केली आहे खरी. पण तो १३६९ साली वारला आणि हा 'थ' रुळला सोळाव्या-सतराव्या शतकांत.

सेव्हिलकडे मात्र हे दोन ध्वनी एक झाले. १५०३पासून अमेरिकेचा व्यापार त्याच बंदरातून चाले. म्हणून मेक्सिकोत घरही 'कासा' आणि शिकारही 'कासा'. दोन्ही उच्चार तितकेच शुद्ध.

मला वाटते, उच्चार वेगळा दिसला की आपण आधी व्यंग शोधतो. इतिहास कुणी विचारतच नाही. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या खानदेशी किंवा वैदर्भी पोराला हसण्यापूर्वी एवढे आठवले तरी पुरे.