ऑक्सिजनावरचा हट्टी हायड्रोजन

प्रोटॉन एनएमआर, म्हणजे हायड्रोजनाच्या केंद्रकाचे चुंबकीय अनुस्पंदन, ही सेंद्रिय संयुगाची रचना ठरवण्याची रोजच्या वापरातली पद्धत आहे, आणि तिचे यंत्र कितीही स्वयंचलित झाले असले तरी त्यातून निघणारा वर्णपट वाचण्याची जबाबदारी अखेर रसायनशास्त्रज्ञाच्या डोळ्यावरच येऊन पडते. हे वाचन शिकवताना विद्यार्थ्याच्या हाती बहुधा एक तक्ता आणि एक नियम दिला जातो. कोणत्या प्रकारचा हायड्रोजन वर्णपटात कोठे दिसतो हे तक्ता सांगतो. शेजारच्या कार्बनांवर जितके समान हायड्रोजन असतील त्यांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त इतक्या रेषांत संकेत विभागला जातो, हे ‘एन अधिक एक’ या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तथापि ज्या साध्या रेणूच्या वर्णपटाने या विद्येचे दार रसायनशास्त्राला उघडून दिले, त्या इथेनॉलमधलाच एक हायड्रोजन तक्त्यालाही जुमानत नाही आणि नियमालाही, आणि तो तसा का वागतो हे ज्याला उलगडले त्यालाच वर्णपट वाचता येतो असे म्हणणे योग्य ठरेल.

या विद्येचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९४५ च्या अखेरीस हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल, हेन्री टॉरी व रॉबर्ट पाउंड यांना पॅराफिन मेणात, आणि जवळजवळ त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉख यांच्या गटाला पाण्यात प्रोटॉनांचे अनुस्पंदन आढळले. पर्सेल व ब्लॉख यांना १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे लक्ष केंद्रकाच्या चुंबकीय गुणधर्मांवर होते, रेणूंवर नव्हते. म्हणूनच १९५० मध्ये प्रॉक्टर आणि यू यांना अमोनियम नायट्रेटमधल्या नायट्रोजनाचा एकाऐवजी दोन ठिकाणी संकेत मिळाला, तेव्हा भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो मोजमापातला अडथळाच होता. १९५१ मध्ये स्टॅनफर्डच्याच अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी इथेनॉलचा वर्णपट प्रसिद्ध केला आणि त्यात एकास दोनास तीन या प्रमाणात क्षेत्रफळ असलेले तीन उंचवटे दिसले: ऑक्सिजनावरचा एक हायड्रोजन, मधल्या कार्बनावरचे दोन, टोकाच्या कार्बनावरचे तीन. रेणूने आपली रचना स्वतःच कागदावर उतरवून द्यावी, असा हा प्रसंग होता. या त्रयीतले श्रीनिवास धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी एनएमआरच्या संशोधनाचा गट उभा केला, हा दुवा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला क्वचितच सांगितला जातो, आणि तो सांगितला जायला हवा.

यंत्राचे कार्य समजून घेताना एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रोटॉन हा सूक्ष्म चुंबकासारखा वागतो आणि बाह्य चुंबकीय क्षेत्रात त्याला दोनच स्थिती मोकळ्या असतात, एक किंचित कमी ऊर्जेची व दुसरी किंचित जास्त ऊर्जेची. ९.४ टेस्लाच्या, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रातही सामान्य तापमानाला या दोन स्थितींतील संख्येचा फरक दर दहा लाख प्रोटॉनांमागे सुमारे ३२ इतकाच असतो आणि सारा संकेत तेवढ्या शिलकीतून उभा राहतो. एवढ्या प्रबळ क्षेत्रासाठी अतिसंवाहक तारेचे वेटोळे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवावे लागते. नमुना मात्र पाच-दहा मिलिग्रॅम पुरतो. तो ड्यूटेरियमयुक्त, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून पाच मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत भरतात, कारण साध्या द्रावकातल्या हायड्रोजनांचा संकेत नमुन्याला बुडवून टाकील. नळी हवेच्या गादीवरून चुंबकाच्या पोटात अलगद उतरते, ड्यूटेरियमच्या संकेतावर यंत्र ‘लॉक’ होते, क्षेत्र सर्वत्र एकसारखे व्हावे म्हणून ‘शिमिंग’ केले जाते आणि काही मायक्रोसेकंदांचा रेडिओलहरींचा ठोका दिला जातो. ठोक्यानंतर सर्व प्रोटॉन एकाच वेळी उत्तर देतात व त्या विरत जाणाऱ्या एकत्रित कंपातून फूरिए रूपांतराच्या गणिताने वर्णपट निघतो. ही पद्धत रिचर्ड अर्न्स्ट व वेस्टन अँडरसन यांनी १९६६ मध्ये मांडली.

वर्णपटातील स्थान ‘केमिकल शिफ्ट’ने मोजतात. प्रत्येक प्रोटॉनभोवतीचे इलेक्ट्रॉन बाह्य क्षेत्राला थोडा विरोध करून त्याच्यावर आच्छादन धरतात. शेजारी ऑक्सिजनासारखा इलेक्ट्रॉन ओढून घेणारा अणू असला की आच्छादन विरळ होते आणि संकेत डावीकडे सरकतो. टेट्रामिथिलसिलेन या संयुगाच्या बारा एकसारख्या, दाट आच्छादनातल्या हायड्रोजनांचा संकेत उजवीकडे शून्य धरून तेथून दशलक्षांश भागांत, म्हणजे पीपीएममध्ये, अंतर मोजले जाते. बहुतेक सेंद्रिय संयुगांचा सारा संसार शून्य ते बारा पीपीएमच्या पट्टीत मावतो.

आता एक उदाहरण जवळून पाहणे इष्ट होईल. चार कार्बन, आठ हायड्रोजन व दोन ऑक्सिजन असलेल्या एका संयुगाचा वर्णपट समोर आहे आणि त्यात तीन संकेत आहेत: तीन हायड्रोजनांची एकेरी रेषा म्हणजे सिंग्लेट, दोन हायड्रोजनांचा चार रेषांचा क्वार्टेट, आणि तीन हायड्रोजनांचा तीन रेषांचा ट्रिप्लेट. क्वार्टेट व ट्रिप्लेट एकत्र दिसताच अनुभवी डोळा इथिल गट ओळखतो. मधल्या दोन हायड्रोजनांना शेजारचे तीन दिसतात. त्या तिघांचे चुंबक वर किंवा खाली अशा आठ प्रकारे मांडले जाऊ शकतात आणि त्या आठ मांडण्या एक, तीन, तीन, एक अशा चार गटांत पडतात, म्हणून क्वार्टेटच्या मधल्या दोन रेषा उंच व कडेच्या बुटक्या असतात. उलट बाजूने तिघांना दोघे दिसतात व एक, दोन, एक असा ट्रिप्लेट उमटतो. दोन्हींतल्या रेषांमधले अंतर सारखेच, सुमारे ७ हर्ट्झ असते, कारण शेजार हा नेहमी परस्परांचा असतो. हे अंतर म्हणजे ‘जे व्हॅल्यू’, आणि कोण कोणाच्या शेजारी आहे याचा तो खात्रीलायक पुरावा होय.

एवढ्यावर विद्यार्थी इथिल ॲसिटेट असे उत्तर लिहून मोकळा होतो. पण मिथिल प्रोपॅनोएट या दुसऱ्या एस्टरचेही रेणुसूत्र तेच आहे, आणि त्याच्याही वर्णपटात तीन हायड्रोजनांचा सिंग्लेट, दोघांचा क्वार्टेट व तिघांचा ट्रिप्लेट असतो. गणती तीच, फाटे तेच. निवाडा फक्त स्थानावरून होतो: इथिल ॲसिटेटमध्ये क्वार्टेट ४.१२ ला व सिंग्लेट २.०५ ला, तर मिथिल प्रोपॅनोएटमध्ये सिंग्लेट ३.६७ ला व क्वार्टेट २.३ च्या आसपास. ऑक्सिजनाला चिकटलेला गट कोणता, हा एकच प्रश्न विचारायचा असतो. येथे तक्ता पाठ असण्याचा उपयोग होतो, पण प्रश्न सुचला तरच. तीन साक्षीदारांची जबानी, म्हणजे संख्या, शेजार व स्थान, स्वतंत्रपणे घेऊन मग ताडून पाहण्याची ही सवय म्हणजे या विद्येचा गाभा आहे, आणि तीत एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे.

इथेनॉलच्या हट्टी हायड्रोजनाकडे वळल्यावर ही सवय खरोखर कसाला लागते. नियमाप्रमाणे ऑक्सिजनावरच्या हायड्रोजनाला शेजारचे दोन हायड्रोजन दिसायला हवेत व त्याचा ट्रिप्लेट व्हायला हवा; मधल्या दोघांनाही हा चौथा शेजारी दिसून त्यांचा क्वार्टेट आणखी दुभंगायला हवा. पाठ्यपुस्तकातल्या वर्णपटात मात्र तेथे एकच रेषा असते व क्वार्टेट शाबूत असतो. कारण असे, की हा हायड्रोजन एका रेणूवर टिकून राहत नाही. आम्लाचा अंश असला की तो एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारतो, आणि या उड्या सेकंदाला काही दहा वेळाही झाल्या तरी सुमारे ५ हर्ट्झचे ते कपलिंग, म्हणजे शेजाऱ्यामुळे होणारे विभाजन, पुसले जाते, कारण शेजाऱ्याला आता वर-खालीची सरासरीच तेवढी जाणवते. ड्यूटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म बाटलीत राहून किंचित आम्लधर्मी होते, आणि तेवढे आम्ल पुरते. हेच इथेनॉल ड्यूटेरियमयुक्त डीएमएसओमध्ये विरघळवले की द्रावकाशी जुळलेल्या हायड्रोजन बंधामुळे उड्या मंदावतात, हायड्रोजन स्थिरावतो, त्याचा ट्रिप्लेट स्पष्ट उमटतो आणि मधल्या दोघांच्या संकेतात जास्तीचे फाटे दिसू लागतात. त्याचे स्थानही बदलते: विरल क्लोरोफॉर्ममध्ये तो १.३ च्या आसपास सापडतो, डीएमएसओमध्ये चारच्या पलीकडे जातो, आणि संहती वाढवली तर क्लोरोफॉर्ममध्येही डावीकडे सरकू लागतो. म्हणून तक्त्यात अल्कोहोलच्या हायड्रोजनासमोर आकड्याऐवजी एक लांबलचक पट्टा छापलेला असतो. एन अधिक एक हा नियम शेजारी किती वेळ शेजारी राहतो याबद्दल मूक आहे. काळाचे हे परिमाण वर्णपटात दडलेले असते, आणि ते शिकवले जात नाही ही चिंतेची बाब आहे.

अडचणी येथून वाढतच जातात. फिनिलॲलनीन या ॲमिनो आम्लातल्या मधल्या कार्बनावरचे दोन हायड्रोजन कागदावर जुळ्यांसारखे दिसतात आणि विद्यार्थी त्यांचा दोन रेषांचा एक डब्लेट अपेक्षितो. पण शेजारचा कार्बन कायरल, म्हणजे चार निरनिराळे गट धारण करणारा असल्यामुळे त्या दोघांचे परिसर सारखे राहत नाहीत, ते वेगवेगळ्या ठिकाणी येतात, एकमेकांनाही फाटतात आणि दोन ‘डब्लेट ऑफ डब्लेट’ उमटतात. दोन शेजाऱ्यांच्या स्थानांमधले अंतर त्यांच्या जे व्हॅल्यूच्या जवळ आले की रेषांच्या उंचीचे प्रमाण बिघडते, आतल्या रेषा उंचावतात, बाहेरच्या खचतात व शेवटी नियम पुरता कोसळतो. जे व्हॅल्यू हर्ट्झमध्ये स्थिर राहते, स्थानांमधले हर्ट्झमधले अंतर मात्र चुंबकाच्या शक्तीबरोबर वाढते. त्यामुळे ४०० मेगाहर्ट्झवर सुटसुटीत दिसणारे संयुग ६० मेगाहर्ट्झवर ओळखूही येत नाही. हेलियमशिवाय चालणारी, मेजावर मावणारी ६० व ८० मेगाहर्ट्झची यंत्रे आता मिळू लागली आहेत आणि त्यामुळे हा जुना प्रश्न पुन्हा वर्गात येत आहे. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत एम.एस्सी.चा विद्यार्थी पदवी घेईपर्यंत छापील, स्वच्छ, द्रावकाची रेषाही खोडलेले वर्णपटच सोडवत असतो, आणि स्वतःच्या हाताने भरलेल्या नळीचा वर्णपट नोकरी लागल्यावर प्रथम पाहतो.

तेव्हा त्याच्यासमोर येणारा कागद अस्वच्छ असतो. ७.२६ ला क्लोरोफॉर्मचा उरलेला हायड्रोजन असतो, १.५६ ला ओलावा, २.१७ ला नळी धुताना राहिलेला ॲसिटोन, आणि स्तंभातून संयुग वेगळे करताना वापरलेल्या इथिल ॲसिटेटचा तोच ओळखीचा क्वार्टेट. इंटिग्रेशनचा, म्हणजे संकेताच्या क्षेत्रफळाचा, आकडा २ ऐवजी १.७ किंवा २.४ येतो आणि त्याला हव्या त्या पूर्णांकावर ढकलण्याचा मोह होतो. रचना दिली की अपेक्षित वर्णपट काढून देणाऱ्या आज्ञावलींनी हा मोह वाढवला आहे, कारण अपेक्षित रेषा आधी डोळ्यासमोर आली की न जुळणारी रेषा कचरा वाटू लागते. वास्तविक नको असलेल्या अभिक्रियेची किंवा अनपेक्षित नव्या संयुगाची पहिली खूण त्याच रेषेत असण्याची शक्यता असते. ओलाव्याची रेषा १.५६ ला असते हे ठाऊक नसलेला वाचक तेथे कार्बनावरचे दोन हायड्रोजन बसवतो व रचना एका कार्बनाने लांबवतो.

एखादी रेषा ऑक्सिजनावरच्या हायड्रोजनाची आहे का, हा संशय फिटत नसेल तर एक जुना, स्वस्त उपाय आजही वापरला जातो. नळीचे झाकण काढून जड पाण्याचा, म्हणजे ड्यूटेरियमच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा, नळी जोरात हलवायची आणि वर्णपट पुन्हा घ्यायचा. इथेनॉलचे क्वार्टेट व ट्रिप्लेट आपापल्या जागी राहतात. ऑक्सिजनावरच्या हायड्रोजनाची रेषा नाहीशी होते, आणि ४.८ च्या आसपास, जेथे आधी काहीच नव्हते, तेथे जड पाण्यात जाऊन मिसळलेला तोच हायड्रोजन दिसू लागतो.