संगणकाची वाट (भाग ६) : वारीचं वेळापत्रक, प्रोजेक्टचं वेळापत्रक

पदवीचा अभ्यासक्रम काय शिकवतो आणि काय शिकवत नाही, ते मागच्या भागात पाहिलं. आज वर्गाबाहेरच्या संधींकडे वळू. पंढरपूरजवळच्या गोपाळपूर, कोर्टी, शेळवे इथल्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांची एक तक्रार ठरलेली असते : सगळं पुण्या-मुंबईतच होतं. मीटअप आणि परिषदांपुरती ती खरी आहे. बाकीच्या बऱ्याच संधी पंढरपुरात बसूनही गाठता येतात.

पहिली संधी शिकण्याची. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘एनपीटीईएल’ या ऑनलाइन उपक्रमात अल्गोरिदमपासून मशीन लर्निंगपर्यंतचे अभ्यासक्रम मोफत आहेत. जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं असतात. दर आठवड्याला गृहपाठ असतो. त्याचे २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ गुण. शुल्क पडतं ते परीक्षेला. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार विद्यापीठं ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरच्या अशा अभ्यासक्रमांचे श्रेयांक ४० टक्क्यांपर्यंत मान्य करू शकतात. आपल्याकडे किती मान्य होतात, ते नाव नोंदवण्याआधीच विभागात विचारून घ्यावं. इंग्रजीत अडखळणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे धडे आहेत, त्यांतले कित्येक मराठीतही ऐकता येतात.

दुसरी संधी चुरशीची. आयसीपीसी ही जागतिक प्रोग्रॅमिंग स्पर्धा तिघांच्या संघाची असते : एक संगणक, पाच तास. तिथे लागतं गणित आणि सराव. ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’चा बाज वेगळा. २०१७पासून चालणाऱ्या या स्पर्धेत सरकारी खाती आणि उद्योग आपले प्रश्न मांडतात. संघ सहा जणांचा, त्यात किमान एक मुलगी हवीच. आधी महाविद्यालयात अंतर्गत फेरी होते आणि सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते.

पण ३६ तासांत उभा राहतो तो नमुना. बक्षीस समारंभानंतर त्याचं काय होतं? बहुतेकदा काहीच होत नाही. म्हणून तिसरी संधी, खऱ्या प्रश्नावर सातत्याने काम करण्याची, महत्त्वाची वाटते. तिचं उत्तम उदाहरण नाशिकचं आहे.

२००३च्या नाशिक कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. पुढचा मेळा २०१५चा. त्याआधी मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ सुरू झालं. विद्यार्थी, डॉक्टर, उद्योजक आणि प्रशासन पुन्हा पुन्हा एकत्र बसले. गर्दी, आरोग्य, निवास असे प्रश्न आधी समजून घेतले आणि मग त्यांवर काम केलं. शाळकरी वयाच्या निलय कुलकर्णी आणि त्याच्या साथीदारांनी ‘आशिओतो’ नावाची चटई तयार केली. वाटेवर अंथरलेल्या या चटईतले सेन्सर पावलं मोजायचे, त्यामुळे कुठून किती माणसं जाताहेत ते कळायचं. कुंभथॉनचं बळ सातत्यात होतं, आणि मेळ्याची तारीख कुणासाठी पुढे ढकलली जाणार नव्हती.

नाशिकला ही संधी बारा वर्षांनी येते. पंढरपुरात ती वारीच्या निमित्ताने वर्षातून चारदा येते.

वारीतले प्रश्न पंढरपूरच्या मुलांना कुणी समजावून सांगायला नको. दर्शनबारी गोपाळपूर रस्त्यापर्यंत गेली की रांगेतल्या माणसाला अजून किती तास लागतील? उजनी आणि वीर धरणांतून पाणी सोडलं तर नदीच्या वाळवंटात उतरलेल्यांना ते कसं कळवायचं? चुकामूक झालेल्या आजीला फोन नंबर पाठ नसतो, पण दिंडी रथापुढची की रथामागची आणि तिचा क्रमांक कितवा, हे ती सांगू शकते. त्या क्रमांकावरून दिंडीचा मुक्काम दाखवणारी साधी यादी बनवायला दुसऱ्या वर्षाचं ज्ञान पुरेसं आहे. माहिती गोळा करायला मात्र पायपीट करावी लागेल.

वारीचं वेळापत्रक प्रोजेक्टलाही सोयीचं आहे. आषाढीत नुसतं निरीक्षण करा, स्वयंसेवक, पोलीस आणि विणेकऱ्यांशी बोला. कार्तिकीपर्यंत पहिला आराखडा कागदावर आणा. माघीला एखाद्या ठिकाणी छोटी चाचणी घ्या. चैत्रीपर्यंत चुका दुरुस्त करा. पुढच्या आषाढीला खरी परीक्षा होईल. मंदिर समिती आणि नगरपरिषदेची परवानगी आधी घ्या, आणि भाविकांचे चेहरे किंवा फोन नंबर गरज नसताना साठवू नका.

एनपीटीईएलचं प्रमाणपत्र मिळवा, हॅकेथॉनलाही जा. पण मुलाखतीत ‘तुम्ही काय केलं?’ असं विचारलं, तर एका वारीत वापरलेली साधी यादी दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलेल. या आठवड्यात दोन सोबती शोधा आणि एकच प्रश्न निवडा. आपला बदल ओपन सोर्स प्रकल्पाकडे कसा पाठवायचा, ते पुढच्या भागात पाहू.