बटण स्टोअरचे, हिशेब आपला

पळस्पे फाट्यावर पुण्याच्या रस्त्यातून गोव्याचा महामार्ग फुटतो. समजा, पनवेलच्या एखाद्या डेव्हलपरने या फाट्यावरच्या प्रवाशांसाठी अ‍ॅप केले. पेणपर्यंतच्या गाडीत जागा राखायची सोय, आणि पैसे भरले तर इंटरनेटशिवाय चालणारा कोकणचा नकाशा. ‘अ‍ॅपमधून पैसे घेतले की गुगलला वाटा द्यावाच लागतो’ असे त्याला चारचौघे सांगतील. ते खरे नाही. गाडीभाडे ही प्रत्यक्षातली सेवा आहे. तिथे प्ले स्टोअरची बिलिंग लागत नाही, यूपीआय किंवा पेमेंट गेटवे वापरायचे. नकाशा मात्र फोनमध्येच वापरायचा डिजिटल माल, म्हणून स्टोअरचे नियम त्यालाच लागू.

वाटा सरसकट ३० टक्के असतो, ही समजूतही शिळी झाली. वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरच्या कमाईवरचा वाटा गुगलने जुलै २०२१ पासून १५ टक्क्यांवर आणला. अ‍ॅपलने छोट्या डेव्हलपरना अशी सवलत त्याच वर्षी जानेवारीत दिली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्लेच्या बिलिंग धोरणावरून गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला (अपिलात मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आला). त्यानंतर दुसऱ्या यंत्रणेतूनही पैसे घ्यायची मुभा मिळाली, पण वाटा सुटला नाही, फक्त ४ टक्क्यांनी उतरला. याच शुल्कावरच्या वादात १ मार्च २०२४ ला मुंबईच्या शादी डॉट कॉमसह काही भारतीय अ‍ॅप प्ले स्टोअरवरून हटवली गेली. काही दिवसांत ती परतली, वाद मात्र राहिला.

टक्केवारीवर तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. नुकसान मात्र बहुधा कोडमध्ये होते, कारण ‘ग्राहकाने पैसे भरले, काम संपले’ असे धरले जाते. प्लेवर खरेदी झाली की अ‍ॅपने किंवा सर्व्हरने तिची पोच द्यावी लागते. ३ दिवसांत पोच गेली नाही तर पैसे ग्राहकाला आपोआप परत जातात आणि विक्री रद्द होते. चाचणीसाठी नोंदवलेल्या खात्यांना ही मुदत ३ मिनिटांचीच असते, त्यामुळे चूक घरीच सापडू शकते. पण बटण दाबून नकाशा उघडला की समाधान मानणाऱ्याला ती दिसणार कशी?

काही व्यवहार लगेच पूर्णही होत नाहीत, ‘प्रलंबित’ राहतात. त्या अवस्थेत नकाशा खुला केला आणि पैसे आलेच नाहीत, तर माल फुकट गेला. व्यवहार पूर्ण झाल्याची खूण आल्यावरच कुलूप काढायचे. पोच द्यायची ३ दिवसांची मुदतही तेव्हापासूनच मोजली जाते.

पडताळणी फोनवर केली तरी चालते, असेही बरेच जण मानतात. फोन ग्राहकाच्या हातात असतो आणि अ‍ॅपमध्ये फेरफार करून ‘पैसे भरले’ असे खोटे उत्तर देता येते. खरेदीचे टोकन आपल्या सर्व्हरवर पाठवून तिथून गुगलकडे खात्री करून घेणे हाच भरवशाचा मार्ग. परतावा मागितलेल्या किंवा बंद पडलेल्या सदस्यत्वांची खबरही सर्व्हरलाच मिळते. हप्ता भरला गेला नाही, ग्राहकाने फोन बदलला, अशा वेळी कोणाचा हक्क अजून चालू आहे हे ठरवणारी नोंद आपल्याकडेच हवी. आयफोनवर तर जुनी खरेदी परत मिळवायची सोय ठेवली नाही, तर अ‍ॅप परीक्षणातच नापास होऊ शकते.

ग्राहकांमधला गैरसमज वेगळाच: अ‍ॅप काढून टाकले की सदस्यत्व थांबले. तसे होत नाही, हप्ता कापला जातच राहतो. सदस्यत्व प्ले स्टोअरच्या पेमेंट आणि सदस्यत्वांच्या विभागात जाऊन रद्द करावे लागते. तो रस्ता अ‍ॅपमध्येच ठळक दाखवला, तर चिडलेल्या ग्राहकांचे बरेच फोन वाचतील.