एक मेगावॅटची रेघ

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने वीज कायद्यातल्या दुरुस्त्यांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला. त्यातल्या एका तरतुदीचा संबंध नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वरच्या प्रत्येक मोठ्या कारखान्याशी आहे. ज्यांचा वीजभार एक मेगावॅटहून जास्त आहे आणि ज्यांना बाहेरून वीज घेण्याची मुभा आहे, अशा ग्राहकांना वीज देण्याच्या बंधनातून वितरण कंपनीला मोकळे करण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाला द्यावा, असे ती सुचवते. आजवर ‘मागेल त्याला वीज’ हे कायद्याचे मूळ सूत्र होते. मोठ्या ग्राहकापुरते ते सैल होऊ पाहते आहे. इथवर आपण कसे आलो, हे नागपूरच्या अनुभवावरून तपासायला हवे, कारण मोठ्या ग्राहकाच्या विजेचे जवळजवळ सगळे प्रयोग या शहराने जवळून पाहिले आहेत.

सुरुवातीला मोठ्या ग्राहकाला वीज कंपनीची गरजच नव्हती. 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली ती वाफेच्या इंजिनावर. आपली शक्ती आपणच निर्माण करायची, हाच त्या काळच्या गिरणीचा रिवाज. पुढे शहरोशहरी परवानाधारक वीज कंपन्या आल्या आणि 1910 च्या भारतीय वीज कायद्याने त्यांना नियम घालून दिले. परवाना घेतलेल्या कंपनीने आपल्या क्षेत्रात मागणी करणाऱ्याला वीज द्यायची. त्या बदल्यात तारा टाकण्याचा खर्च वाया जाणार नाही, याची हमी ग्राहकाकडून काही काळापुरती मागण्याची सोय तिला होती. कंपनी पुरवठ्याला बांधलेली आणि ग्राहक किमान वापराला बांधलेला, असा हा दुहेरी करार होता. त्यातली दुहेरी जबाबदारी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी भांडणे तिच्याच वाटणीवरून झाली.

1948 च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा पाया घातला. 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. या व्यवस्थेत मोठ्या ग्राहकाला मंडळाशिवाय दुसरे दार नव्हते. स्वतःपुरते वीजनिर्मिती केंद्र उभारायचे तरी मंडळाची संमती लागत असे. वीज कमी पडली की कोणी किती वापरावी, यावर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य सरकारकडे होता. त्याचा पहिला घाव बहुतेक वेळा उद्योगावर बसे.

विदर्भाला हे जास्त टोचले. 1974 मध्ये कोराडीचा पहिला संच सुरू झाला. 1980 च्या दशकात चंद्रपूर आणि खापरखेडा उभे राहिले. कोळसा इथला, पाणी इथले, राख आणि धूरही इथलाच; वीज मात्र राज्याच्या जाळ्यात जाते आणि बिल जवळजवळ सगळ्या राज्याला एकाच दरपत्रकाने येते. औद्योगिक ग्राहकांचा दर चढा ठेवायचा आणि त्या पैशातून शेतीपंप व लहान घरगुती ग्राहकांचा दर खाली ठेवायचा, हा क्रॉस सबसिडीचा हिशेब मंडळाच्या काळात पक्का झाला. त्यामागचा सामाजिक हेतू मी नाकारत नाही. पण त्यामुळे मोठा ग्राहक हा व्यवस्थेचा आधारखांब झाला आणि त्याला बाहेर जाऊ देणे कोणालाच परवडेनासे झाले.

10 जून 2003 रोजी नवा वीज कायदा लागू झाला आणि दार उघडले. वीजनिर्मितीला परवान्याची अट उरली नाही. स्वतःच्या वापरासाठी केंद्र, म्हणजे कॅप्टिव्ह केंद्र, उभारण्याचा हक्क मिळाला. मुक्त प्रवेशाची, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेसची तरतूद आली : तारा वितरण कंपनीच्या, वीज दुसऱ्याची, आणि तारा वापरल्याबद्दल वहन आकार. पाठोपाठ झालेल्या दुरुस्तीने मुदतही घातली. 27 जानेवारी 2004 पासून पाच वर्षांच्या आत, एक मेगावॅटहून अधिक वीज लागणाऱ्या सर्व ग्राहकांना आयोगांनी ही मुभा द्यायची होती. एक मेगावॅटची रेघ कायद्यात आखली गेली ती अशी. काही टन क्षमतेची इंडक्शन भट्टी एकटीच ही रेघ ओलांडते, त्यामुळे नागपूर परिसरातले पोलाद उद्योग थेट या पात्रतेत बसले. आणि त्याच कायद्याच्या 43 व्या कलमाने, मागणी करणाऱ्याला वीज देण्याचे वितरण कंपनीचे कर्तव्यही कायम ठेवले. 6 जून 2005 रोजी मंडळाचे विभाजन झाले आणि ते कर्तव्य महावितरण या वितरण कंपनीकडे आले.

समूह कॅप्टिव्हची वाटही याच काळात रुळली. 2005 च्या वीज नियमांनी अट घातली की वापरकर्त्यांची प्रकल्पात किमान 26 टक्के मालकी हवी आणि निर्माण झालेल्या विजेपैकी किमान 51 टक्के त्यांनीच वापरायला हवी. अनेक कारखान्यांनी मिळून एक केंद्र उभारायचे आणि वीज वाटून घ्यायची. औद्योगिक वसाहतीसाठी याहून सोयीची कल्पना कोणती?

बुटीबोरीत ती करून पाहायचे ठरले. औद्योगिक विकास महामंडळाच्या निविदेतून 300 मेगावॅटचा समूह कॅप्टिव्ह प्रकल्प रिलायन्स समूहाच्या विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर या कंपनीकडे गेला. पुढे कोळसा वाटपाचे धोरण बदलले. प्रकल्प 600 मेगावॅटचा आणि स्वतंत्र वीजनिर्मितीचा झाला. 2013-14 मध्ये त्याचे दोन संच सुरू झाले, तोवर त्याची वीज करारानुसार मुंबईच्या वितरण व्यवसायाकडे वळली होती. म्हणजे वसाहतीच्या नावाने सुरू झालेले केंद्र वसाहतीत उभे राहिले आणि त्याची वीज मुंबईला गेली. इंधनाच्या खर्चावरून आयोगापुढे वाद झाला, 2019 मध्ये केंद्र बंद पडले, कर्जाचे प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली गेले. 12 जुलै 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कंपनी विरुद्ध अ‍ॅक्सिस बँक या खटल्यात दिलेला निकाल आज दिवाळखोरी कायद्याच्या अभ्यासात हमखास येतो. जुलै 2025 मध्ये अदानी पॉवरने सुमारे 4000 कोटी रुपयांना हे केंद्र ताब्यात घेतले. ज्या कारखानदारांसाठी मूळ कल्पना होती, ते या सगळ्या प्रवासात महावितरणचेच ग्राहक राहिले.

नागपूरच्याच मिहान प्रकल्पाची गोष्ट वेगळी, पण धडा तोच. तिथल्या विशेष आर्थिक क्षेत्राच्या विकासकाला 2010 च्या अधिसूचनेने वितरण परवानाधारक मानले गेले. त्यामुळे तिथल्या उद्योगांची वीज ही महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची जबाबदारी झाली. त्यासाठी अभिजित समूहाचा 246 मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प मिहानमध्ये उभा राहिला. स्वस्त आणि अखंड वीज हे मिहानचे मोठे आकर्षण होते. प्रकल्प काही वर्षांतच बंद पडला आणि पर्यायी वीज शोधण्याची वेळ आली. हमी देणारा कोसळला की हमीचे काय होते, हे तेव्हा दिसले.

राज्यभर दुसरा संघर्ष चालू होता. बाजारात वीज स्वस्त झाली तसे मोठे ग्राहक बाहेर जाऊ लागले. महावितरणने मात्र त्यांच्या मागणीवर भिस्त ठेवून दीर्घ मुदतीचे वीज खरेदी करार करून ठेवले होते. वीज उचलली नाही तरी त्या करारांचा स्थिर खर्च चुकत नाही. म्हणून बाहेर जाणाऱ्याला भराव्या लागणाऱ्या क्रॉस सबसिडी अधिभारावर 2016 मध्ये अतिरिक्त अधिभाराची भर पडली. 2018 मध्ये आयोगाने तो कॅप्टिव्ह वापरकर्त्यांनाही लावला. 2019 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने हा भाग रद्द केला. 10 डिसेंबर 2021 रोजी, जेएसडब्ल्यू स्टीलच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की स्वतःची वीज स्वतः वापरणाऱ्यावर हा अधिभार लावता येणार नाही. कॅप्टिव्हचा हक्क आणि मुक्त प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यामुळे पक्के झाले.

जे बाहेर गेले नाहीत त्यांचेही बिल बदलत होते. उच्चदाब ग्राहकाला वापरलेल्या युनिटांखेरीज करार मागणीवर आधारित आकार भरावा लागतो. कारखाना मंद चालला तरी करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांवर ही आकारणी होतेच. अनेक वर्षे ही मर्यादा 50 टक्के होती. आयोगाच्या मार्च 2020 च्या आदेशाने ती दरवर्षी थोडी थोडी वाढवत नेली. स्थिर खर्च स्थिर आकारातून वसूल करायचा, हे त्यामागचे तर्कशास्त्र. ते चुकीचे नाही. पण मंदीत सापडलेल्या रोलिंग मिलला ते जड जाते, हेही खरे आहे.

सरकारने मधला मार्ग अनुदानात शोधला. 2016 मध्ये विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि इतर मागास भागांतल्या उद्योगांसाठी वीजदर सवलत जाहीर झाली. नागपूरच्या उद्योगांना तिचा आधार मिळाला. मात्र सवलत युनिटमागे असल्याने जास्त वीज जाळणाऱ्याच्या वाट्याला ती जास्त आली आणि मोजक्या मोठ्या उद्योगांकडेच पैसा जातो, असा आक्षेप निघाला. पुढे वाटपावर मर्यादा आल्या. पात्रतेची अट आखताना लाभ कोणाकडे झुकेल याचा हिशेब आधी मांडला नाही, तर तो नंतर कटुतेने मांडावा लागतो.

6 जून 2022 रोजी केंद्राचे हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियम आले आणि रेघ खाली सरकली. अक्षय ऊर्जेसाठी मर्यादा एक मेगावॅटवरून 100 किलोवॅट झाली. कॅप्टिव्ह वापरकर्त्याला तीही नाही. राज्य आयोगाने 2023 मध्ये आपल्या विनियमांत तसे बदल केले. या नियमांतल्या दोन बारीक अटी मला मोलाच्या वाटतात. बाहेरून घ्यायच्या विजेचे प्रमाण ठरवून दिलेले कालखंड, फार तर 12 म्हणजे तीन तास, बदलायचे नाही. आणि पर्यायी पुरवठा लागणार असेल तर आगाऊ सूचना द्यायची. जाण्याचा हक्क आणि त्याबरोबर पाळायची शिस्त, दोन्ही एकाच नियमात आली.

या पार्श्वभूमीवर 2025 च्या मसुद्याकडे पाहिले की बदलाची दिशा कळते. एके काळी मोठा ग्राहक बाहेर जाऊ शकत नव्हता. मग तो दंड भरून जाऊ लागला. आता वितरण कंपनीलाही त्याला ‘तुझे तू बघ’ म्हणता येईल. त्यामागे कारण आहे. जो ग्राहक कधीही जाऊ-येऊ शकतो, त्याच्यासाठी कंपनीने वर्षानुवर्षांचे करार करून ठेवायचे आणि त्यांचा खर्च शेवटी घरगुती ग्राहकाने सोसायचा, हे न्यायाचे नाही. महाकाय डेटा सेंटरांमुळे जगभर हाच प्रश्न आला आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या आयोगाने जुलै 2025 मध्ये तिथल्या एका वीज कंपनीच्या क्षेत्रातल्या 25 मेगावॅटहून मोठ्या नव्या डेटा सेंटरांना अट घातली, की मागितलेल्या विजेच्या किमान 85 टक्क्यांचे पैसे 12 वर्षांपर्यंत भरायचे, मग वापर कितीही असो. तिथे मोठ्या ग्राहकाला दार बंद केले नाही. आत येताना त्याच्याकडून शब्द घेतला.

मला हाच मार्ग योग्य वाटतो. बुटीबोरी आणि मिहानने दाखवून दिले आहे की खासगी स्रोत बंद पडू शकतो, कंपनी बुडू शकते, करार दुसऱ्या शहराकडे वळू शकतो. अशा वेळी एक मेगावॅटचा कारखाना आणि पन्नास मेगावॅटचा पोलाद प्रकल्प सारखेच असहाय नसतात. मोठ्याकडे वकील असतात, व्यापारी असतात, पर्याय असतात. एक मेगावॅटच्या जेमतेम वर असलेल्या फाउंड्रीकडे बहुधा यातले काहीच नसते. म्हणून फक्त मेगावॅट मोजून पुरवठ्याचे बंधन काढून घेणे मला मान्य नाही.

ते काढायचेच असेल तर महाराष्ट्राच्या आयोगाने आधी तीन गोष्टी लिहून द्याव्यात. स्रोत बंद पडल्यावर शेवटचा आधार कोण, किती दिवस आणि कोणत्या दराने. जाताना आणि परत येताना दोन्ही बाजूंनी किती मुदतीची सूचना द्यायची. आणि एका मोठ्या ग्राहकाच्या जाण्याने उरलेल्यांच्या बिलात नेमकी किती भर पडते, याचा दरवर्षी जाहीर होणारा हिशेब. 1910 च्या कायद्यात कंपनी आणि ग्राहक दोघेही बांधलेले होते. नव्या कायद्यात दोघेही मोकळे झाले, तर त्या मोकळेपणाची किंमत नागपुरातल्या लहान कारखानदाराला आणि घरगुती ग्राहकाला मोजावी लागेल, आणि त्या दोघांनाही बाहेर जायला दार नसेल.