लिपी बदलते, अडचण उघडी पडते
जालना जिल्हा ज्या औरंगाबाद जिल्ह्यातून १९८१ साली वेगळा झाला, त्यातील गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांनी परकी भाषा शिकण्याची संधी मिळताच यंत्रमानवांच्या ओढीने जपानी निवडली, ही वार्ता २०२० साली वाचून अनेकांस कौतुक वाटले. मला मात्र जपानी लिपीवरून झालेल्या एका जुन्या शास्त्रीय वादाचेही स्मरण झाले.

जपानी मुलांत वाचनदोषाचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे, असे संशोधक कियोशी माकिता यांनी १९६८ साली प्रतिपादिले आणि त्याचे श्रेय लिपीला दिले. हिरागाना व काताकाना या दोन मालिकांतील प्रत्येकी ४६ मूळ चिन्हांपुरते ते बरेचसे खरे होते, कारण तेथे बहुधा जसे चिन्ह तसा उच्चार. परंतु चिनी उगमाची कांजी चिन्हे, ज्यांपैकी १,०२६ आज प्राथमिक शाळेतच शिकावी लागतात आणि ज्यांतील एकेकाचा उच्चार प्रसंगपरत्वे बदलतो, तीही संशोधक आकिरा उनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली, तेव्हा हिरागाना वाचताना अडणारी मुले शेकडा ०.२, तर कांजी वाचताना अडणारी ६.९ आढळली. हे २००९ साली प्रसिद्ध झाले.

हिरागानाने वाचनदोष झाकला, तशीच आपली देवनागरीही सोप्या अक्षरांआड अडचण झाकून ठेवते. जालना जिल्ह्यात एस.टी.च्या पाटीवरील ‘अंबड’ बिनचूक वाचणारे मूल, त्याच गावच्या मत्स्योदरी देवीचे नाव जन्मापासून ऐकत आलेले असूनही, छापील ‘त्स्यो’पाशी थबकते, पहिली वेलांटी व्यंजनाआधी लिहावयाची आणि नंतर उच्चारावयाची, ‘र’ तर सूर्य, प्रकाश, राष्ट्र यांत दर वेळी निराळ्या रूपाने भेटावयाचा, या गुंत्यात त्याची गती इतकी मंदावते की वाक्य संपेतो आरंभीचा अर्थ हातून निसटतो. ‘अभ्यासात कच्चा’ हा शेरा अशाच मुलांच्या वाट्यास येतो, आणि तो अन्यायाचा आहे.

त्याच जिल्ह्याच्या मंठा, घनसावंगीकडील जी मुले ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावरच्या कोपीत राहतात, त्यांचे मागे पडणे मात्र वेगळे. त्यांची शाळा बुडालेली असते, आणि नीट शिकविल्यास ती उणीव भरून निघते. शिकवूनही जे मूल अडतच राहते, त्याच्यासाठी २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

म्हणून शिक्षकांस आणि पालकांस विनंती, की तिसरीच्या मुलाकडून पाठ नसलेला, जोडाक्षरांचा मराठी उतारा मोठ्याने वाचून घ्यावा, चुकांइतकेच त्याच्या गतीकडे लक्ष द्यावे, आणि शंका वाटल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्यास विलंब लावू नये.