डोळ्यातील दाब आणि थेंबांची वेळ

काचबिंदूच्या रोग्याला डॉक्टर थेंब लिहून देतात, तेव्हा त्यांची वेळही नेमून देतात. ही वेळ केवळ सोयीसाठी असते, असा पुष्कळांचा समज आहे. डोळा दुखत नाही, दिसतेही बरे. मग एखादी रात्र चुकली तर काय बिघडले, असे म्हणून थेंब राहून जातात. वस्तुस्थिती निराळी आहे.

डोळ्याच्या पुढील भागात एक स्वच्छ द्रव सतत पाझरत असतो. त्यास नेत्रजल म्हणतात. (अश्रू ते वेगळे, ते डोळ्याच्या बाहेरचे.) रंगीत पडद्यामागे ते तयार होते, बाहुलीतून पुढे येते आणि पडद्याच्या कडेशी असलेल्या सूक्ष्म जाळीवाटे रक्तात मिसळते. उत्पत्ती आणि निचरा यांचा मेळ असला म्हणजे दाब साधारणतः पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरांत राहतो. निचरा तुंबला की दाब चढतो आणि दृष्टीच्या मज्जातंतूचे धागे हळूहळू मरू लागतात. बहुधा कडेची नजर आधी जाते, मधली अखेरपर्यंत टिकते. म्हणूनच रोग्याला पत्ता लागत नाही. गेलेली दृष्टी मात्र कोणत्याही औषधाने परत येत नाही.

झोपेत नेत्रजल दिवसाच्या जवळजवळ निम्मेच तयार होते. तेव्हा रात्री दाब उतरावयास हवा. पण माणूस आडवा झाला की डोळ्याभोवतालच्या नीलांतील दाब वाढतो, निचऱ्यास अडथळा येतो, आणि पुष्कळांचा दाब नेमका रात्री किंवा पहाटे सर्वांत अधिक असतो. दवाखान्यात दिवसा खुर्चीवर बसवून घेतलेल्या मापात हे दिसत नाही. त्यातून काही रोगी तपासणीच्या आधी दोन दिवस तेवढे नेमाने थेंब घालतात. मग माप चांगले येते आणि डॉक्टरही फसतात.

1978 मध्ये अमेरिकेत प्रचारात आलेले टिमोलॉल नेत्रजलाची उत्पत्ती कमी करते. दिवसा त्याचा गुण चांगला येतो. रात्री उत्पत्ती आधीच मंदावलेली असल्याने फारसा येत नाही. (दमा असणाऱ्यांनी किंवा नाडी मंद असणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना आधी सांगावे, हा थेंब डोळ्यापुरता राहत नाही.) 1996 मध्ये तेथेच मान्यता मिळालेल्या लॅटानोप्रॉस्टची तऱ्हा वेगळी. ते उत्पत्तीला हात न लावता स्नायूंमधून जाणारी निचऱ्याची दुसरी वाट मोकळी करते. ती वाट दिवसा व रात्रीही चालू राहते, म्हणून संध्याकाळचा एकच थेंब चोवीस तासांस पुरतो. अधिक घातल्याने गुण वाढत नाही, उलट घटू शकतो.

थेंब घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब सोडावा. दुसरा गालावरूनच ओघळतो. मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटे हलके दाबून धरावे, म्हणजे औषध नाकावाटे अंगात उतरत नाही. औषधे दोन असल्यास मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरे पहिल्याला धुऊन काढते.