लासे आणि लेसर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने लेसरवर लेख लिहून आणला, हे पाहून आमच्या मराठी विभागाच्या संपादक सरांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या वहीकडे पाहिले. "मग फिजिक्सची मुले काय करतायत?" त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो जन्मापासून माझ्या डाव्या गालावर आहे.

वर्गातल्यांना तो ठाऊकच आहे. इतरांसाठी सांगते : डोळ्याच्या खालून जबड्यापर्यंत उतरलेला, जांभळाच्या रसाचा डाग पडावा तसा एक पट्टा. आमच्या घरी त्याला लासे म्हणतात. माझ्या कन्नड मैत्रिणी मच्चे म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याला 'पोर्ट-वाइन स्टेन' म्हणतात, म्हणजे पोर्ट नावाच्या तांबड्या दारूचा डाग. घरात कोणी दारूला शिवत नाही, आणि मुलीच्या गालावर मात्र हे नाव! हजार नवजात बालकांत सुमारे तिघांना असा डाग असतो. सोव्हिएत संघाचे शेवटचे अध्यक्ष मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावर तो होता, आणि त्यांनी तो शेवटपर्यंत तसाच ठेवला. लहानपणी कोणी चिडवले की बाबा मला त्यांचे छायाचित्र दाखवीत.

हा डाग म्हणजे त्वचेवर सांडलेला रंग नव्हे. वरची त्वचा इतरांसारखीच असते. तिच्याखालच्या थरातल्या केशवाहिन्या, म्हणजे रक्ताच्या अगदी बारीक नळ्या, प्रमाणापेक्षा रुंद झालेल्या असतात. त्यांत रक्त अधिक मावते आणि ते वरून दिसते. बाळपणी डाग गुलाबी असतो. वय वाढते तशा नळ्या आणखी रुंदावतात, रंग गडद होतो, आणि काहींच्या बाबतीत प्रौढपणी त्वचा जाड व गाठाळ होते. तेव्हा 'दिसण्याचेच तर आहे, चालवून घ्या' हा सल्ला नेहमीच बरोबर नसतो. डाग कपाळावर आणि पापणीवर असेल तर डोळ्यातला दाब आणि मेंदू यांची तपासणी वेळेवर व्हायला हवी. ही गोष्ट वाचकांपैकी कोणाच्या घरी उपयोगी पडू शकेल, म्हणून मुद्दाम लिहिते.

तो का होतो, याचे आमच्या आज्जीचे उत्तर ठरलेले होते. मी पोटात असताना आईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली. पाहुणे आले की हे उत्तर दिले जाई आणि आई चहा करायला आत जाई. खरे उत्तर २०१३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना सापडले. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या 'जीएनएक्यू' नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो, आणि त्या पेशीपासून पुढे झालेल्या पेशींतच तो राहतो. तो आईबापांकडून येत नाही आणि ग्रहणाशी त्याचा काही संबंध नाही. मी हे मराठी करून आज्जीला वाचून दाखवले. ती "असेल" एवढेच म्हणाली. पण त्यानंतर तो विषय आमच्या घरी निघालेला नाही.

आता लेसरकडे वळते. दहावीच्या सुट्टीत एका शहरातल्या एका क्लिनिकमध्ये आम्ही गेलो. पाटीवर 'लेसर' असे मोठ्या अक्षरांत होते, तेवढे आम्हांला पुरेसे वाटले. कोणता लेसर हे बाबांनी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. दोन बैठकांनंतर डाग होता तसाच राहिला. जबड्याजवळ मात्र भाजल्याचा एक पांढरट चट्टा उठला, तो अजून आहे. 'लेसर' हा शब्द 'वाहन' या शब्दासारखा आहे, हे मला फार उशिरा कळले. सायकल हेही वाहन आणि रोडरोलर हेही वाहनच.

लेसरचे मूळ तत्त्व आइन्स्टाइनने १९१७ साली मांडले. उत्तेजित झालेल्या अणूजवळून योग्य प्रकाश गेला की तो अणूही तसाच प्रकाश सोडतो, आणि एकाचे दोन, दोनाचे चार असे होत जाते. हे प्रत्यक्षात आणायला १९६० साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. दिव्याच्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, लेसरच्या प्रकाशात एकच नेमका रंग. आपल्या विषयाचे सगळे मर्म या एका रंगात आहे. सिनसिनाटी येथील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी थोड्याच काळात हा प्रकाश त्वचेवर वापरून पाहायला सुरुवात केली. १९६४ साली कार्बन डायऑक्साइडचा लेसर निघाला. तो शोधणारे कुमार पटेल हे जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी, हे वाचून मला उगाच अभिमान वाटला. पण त्यांचा लेसर माझ्या कामाचा नव्हे. त्याचे किरण पाणी शोषून घेते, आणि शरीरात पाणी कुठे नसते? त्यामुळे तो समोर येईल ते कापतो. सुरी म्हणून उत्तम, डाग वेचायला नव्हे. १९७० नंतर आर्गॉन वायूचा निळा-हिरवा लेसर या डागांवर वापरला गेला. तो रक्ताला तापवी खरा, पण सतत चालू राही, त्यामुळे शेजारची त्वचाही भाजे आणि व्रण राहत, विशेषतः मुलांच्या चेहऱ्यावर.

म्हणजे अडचणी दोन होत्या. एक रंगाची, दुसरी वेळेची.

रंगाची सोपी आहे. रक्त तांबडे दिसते, कारण त्यातले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश परत टाकते आणि हिरवा-पिवळा गिळते. हा गिळण्याचा एक उच्चांक ५७७ नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे पिवळ्या रंगात येतो. (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर.) तेव्हा नेमका पिवळा प्रकाश टाकला तर वरची त्वचा तो बराचसा जाऊ देईल आणि खालचे रक्त तो पकडील. पण असा पिवळा लेसर आणायचा कुठून? माणकाचा रंग माणूक ठरवते आणि वायूचा वायू. तिथे आपली निवड चालत नाही.

निवड चालते ती रंगाऱ्याच्या दुकानात. १९६६ साली अमेरिकेत सोरोकिन आणि लँकर्ड यांनी, आणि जर्मनीत शेफर यांनी स्वतंत्रपणे, द्रवात विरघळवलेल्या रंगातून लेसर काढून दाखवला. रंग बदला, प्रकाश बदलेल. आमच्या वडगाव-शहापूरच्या विणकरांना हे सांगितले तर त्यांना फारसे आश्चर्य वाटणार नाही. डागांसाठीच्या यंत्रात साधारणपणे ऱ्होडामिन कुळातला रंग असतो. हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखे वाटते ना? मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गुलाबी म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, ती याच कुळातल्या ऱ्होडामिन-बीमुळे. पोटात जाऊ नये असा रंग, पण काचेच्या नळीत घालून शेजारी झगझगणारा दिवा लावला की त्यातून औषधी उजेड निघतो. दिवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा क्षणभर पेटतो, म्हणून प्रकाशही स्पंदाने, ठोक्या-ठोक्याने येतो. 'पल्स्ड डाय लेसर' या नावातल्या तीन शब्दांचा अर्थ एवढाच : ठोका, रंग आणि लेसर.

वेळेची अडचण सोडवली ती बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी, 'सायन्स' या नियतकालिकात १९८३ साली. मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत सुंदर पान हेच वाटते, कारण ते समजायला स्वयंपाकघर पुरते. पातेल्यातला भात बराच वेळ गरम राहतो, ताटात वाढलेली चार शिते लगेच निवतात. वस्तू जितकी लहान, तितकी ती लवकर निवते, म्हणजे आपली उष्णता शेजाऱ्याला लवकर देऊन टाकते. डागातल्या नळ्या केसाएवढ्या किंवा त्याहून बारीक असतात, त्यांना निवायला सेकंदाचे एक ते दहा हजारांश पुरतात. मग त्याआधीच प्रकाश बंद केला तर? उष्णता नळीतच अडकेल, नळीची भिंत शिजेल, आणि शेजारच्या त्वचेला झळ पोहोचेपर्यंत काम संपलेले असेल. निरांजनाच्या ज्योतीतून बोट झटकन फिरवले तर भाजत नाही, रेंगाळले तर भाजते. आर्गॉन लेसर रेंगाळत होता. सुरुवातीच्या रंग-लेसरचा ठोका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही छोटा होता. १९८९ साली बोस्टनच्याच डॉक्टरांनी ३५ मुलांवर केलेल्या उपचारांची हकीकत प्रसिद्ध झाली, आणि लहान मुलांच्या चेहऱ्यावर लेसर वापरता येतो हे जगाला पटले.

पुढच्या सुधारणा थोडक्यात सांगते. ५७७ वर रक्त प्रकाश उत्तम पकडते, पण प्रकाश खोल जात नाही. म्हणून यंत्रे ५८५ वर आणि नंतर ५९५ वर गेली. पकड थोडी सैल झाली, पण खोली मिळाली. रुंद नळ्यांसाठी ठोका लांबवला गेला. आणि १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात एक युक्ती निघाली : प्रकाशाच्या क्षणभर आधी त्वचेवर थंड द्रवाचा फवारा मारायचा. वरचा थर गारठतो, खालच्या नळीला त्याचा पत्ताही नसतो.

हा फवारा आपल्यासाठी फार महत्त्वाचा. सावळ्या त्वचेतले मेलॅनिनही पिवळा प्रकाश गिळते. गोऱ्या कातडीसाठी ठरवलेली मात्रा आपल्याकडे तशीच लावली तर प्रकाश वरच्या वर अडतो, त्वचा भाजते, आणि पांढरे किंवा काळे चट्टे पडतात. म्हणून आधी लहानशा जागी चाचणी, मात्रा बेताची, आणि उन्हापासून कडक पथ्य. माझ्या जबड्यावरचा चट्टा कशामुळे आला हे मी खात्रीने सांगू शकत नाही, कारण यंत्र कोणते होते हेच मला ठाऊक नाही. पण तिथे चाचणी झाली नव्हती, हे आठवते.

गेल्या वर्षापासून मी बंगळूरच्या एका रुग्णालयात जाते. तिथल्या बाईंनी आधी डोळ्यांचा दाब तपासायला लावला, मग कानाजवळ तीन ठोके मारून सहा आठवडे थांबायला सांगितले. मला ते थांबणेच फार आवडले. उपचाराच्या वेळी डोळ्यांवर झाकणे असतात. एकेक ठोका लहान बटणाएवढ्या जागेवर पडतो आणि रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो. लगेच तिथे काळसर जांभळे ठिपके उठतात, ते आठ-पंधरा दिवस राहतात. डाग घालवायला गेलेली मुलगी चित्ता होऊन परत येते! पहिल्या खेपेला रेल्वेत एका आजींनी विचारले, "कोणी मारले ग बाई?" बाबांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती बाबा अजून विसरलेले नाहीत.

किती फिकट झाला, असे सगळे विचारतात. इथे माझी शाखा कामाला येते. अकाउंटन्सीत घसारा काढण्याची घटत्या शिलकेची पद्धत असते : दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा, त्यामुळे पहिल्या वर्षी मोठी घट, मग कमी, मग आणखी कमी, आणि शून्य कधीच नाही. हा डागही बहुधा तसाच वागतो. पहिल्या काही बैठकांत फरक ठळक दिसतो, नंतर मंदावतो, आणि पूर्ण पुसला जाण्याचे भाग्य थोड्यांनाच मिळते. मान आणि कपाळ यांवर गुण चांगला येतो, गालाच्या मध्यावर आणि हातापायांवर कमी. लहानपणी केलेल्या उपचाराचा परिणाम अधिक, कारण त्वचा पातळ आणि डाग लहान. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच पाहणीत दहा वर्षांनी पाहिले तेव्हा डाग पुन्हा थोडे गडद झाले होते, पण मूळच्या इतके नव्हे.

खर्चाचे म्हणाल तर यंत्र महाग, आणि त्यातला रंग वापराने निकामी होतो, तो बदलत राहावे लागते. म्हणजे स्थिर खर्चही मोठा आणि चालू खर्चही थांबत नाही. हजारांत तीन रुग्ण, त्यांतले थोडेच उपचाराला येणारे. लहान गावातल्या डॉक्टरने ताळेबंद मांडला तर तो केस काढण्याचे लेसर यंत्रच घेणार, हे मला समजते. समजते म्हणून ते यंत्र माझ्या गालावर चालवावे, हे मात्र समजत नाही. हाच रंग-लेसर उठावदार लाल व्रण, हट्टी चामखिळी आणि चेहऱ्यावरच्या तुटक लाल रेषा यांनाही चालतो, तेव्हा मोठ्या शहरांत तरी तो रिकामा बसत नसावा.

माझ्या तीन बैठका झाल्या. कानाजवळचा भाग फिकट गुलाबी झाला आहे, गालाचा मध्य अडून बसला आहे. चौथ्या बैठकीची तारीख परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आली होती, ती मी पुढे ढकलली. हॉल तिकिटावरचा फोटो एक आणि वर्गात बसलेली मुलगी ठिपक्याठिपक्यांची, असे झाले तर पर्यवेक्षकांना काय सांगणार? तिथल्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, पेपर झाल्यावर या, पण तोवर उन्हात टोपी घालून फिरा. म्हणून कॉलेजच्या फाटकापाशी सध्या जी निळी टोपी दिसते, ती माझी.